एकाच किल्लीचे कुलूप

निझ्नी नोव्गोरोद, प्रदर्शनाचे मैदान
१२ जून १८९६

निकांद्र यास,

आधी बाबांना माझा जमिनीपर्यंत वाकून नमस्कार सांग. आगाफ्याताईला नमस्कार. कोणी चौकशी केलीच तर मी सुखरूप पोहोचलो म्हणावे. खिडकीतल्या लिंबाला पाणी घालायला विसरू नकोस. म्हणजे तू विसरणार नाहीसच. तू काही विसरत नाहीस, हे बाबा मला रोज ऐकवत असत.

हे पत्र तू जेवताना सगळ्यांसमोर मोठ्याने वाचशील, म्हणून अक्षरे मोठी आणि सुटी काढली आहेत. जिथे अडशील तिथे बोट ठेवून थांबावे आणि मग पुढे जावे. मी तुला शिकवताना असेच सांगत होतो.

ओका नदीवरून बोट वेळेत आली. पेटी सबंध वाटभर मांडीवर होती. प्रदर्शन उघडून पंधरवडा झाला तरी अर्धे मंडप अजून तयार व्हायचे आहेत. भिंतींना टेकले की पाठीला रंग लागतो. मधला मोठा काचेचा मंडप मॉस्कोच्या मागच्या प्रदर्शनातला. तोच सुटा करून इथे आणून पुन्हा उभा केला आहे. घोड्याशिवाय चालणारी गाडी खरी आहे, हे बाबांना सांग. मी स्वतः बसलो. उतरल्यावर घोडा कुठे लपवला आहे ते वाकून पाहिले, हे सांगितले नाहीस तरी चालेल.

गावोगावच्या कारागिरांचा मंडप एका कडेला आहे. माझ्या डाव्या हाताला बालाख्नाच्या फेतीन्याकाकू लेस विणत बसतात. त्यांचे हात विणतात आणि तोंड आमच्या सगळ्यांवर नजर ठेवते. मंडपाचे प्रमुख कापितोन लुकिच म्हणून आहेत. चष्मेवाले, घाईचे, पण माणूस बरा.

तुझे कुलूप घोड्याच्या केसाला टांगून भिंगाखाली ठेवले आहे. पाटीवर बाबांच्या सांगण्याप्रमाणे फक्त "ग्रूझ्देव, पावलोवो" एवढेच लिहिले आहे. काम घराचे, माणसाचे नव्हे, ही आपल्याकडची रीत इथे कोणाला माहीत नाही, पण मी पाळली आहे. किल्लीही एकच आहे. कापितोन लुकिच म्हणाले, "एवढीशी चीज, जोडीला दुसरी किल्ली नको का?" मी बाबांचेच वाक्य सांगितले: "दुसरी किल्ली केली की कुलूप चोराचं झालं." ते हसले. त्यांना ते गंमत म्हणून आवडले.

लोक भिंगातून पाहतात आणि ओरडतात.

"अहो, हे कुलूप आहे की ढेकूण?"

"कुलूप आहे, साहेब. उघडतं."

"आणि लावायचं कशाला? झुरळाच्या तिजोरीला?"

मग मी उघडून दाखवतो आणि ते पुन्हा भिंगाला डोळा लावतात. आपल्या घराचा हंसाच्या पायाचा शिक्काही भिंगात स्वच्छ दिसतो. तो शिक्का मारताना हातोडी मी उचलली होती, तुला आठवत असेल. बाबांनी ती माझ्या हातातून काढून तुझ्या हातात दिली. त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. ज्याचे काम त्याने शिक्का मारावा, हे बरोबरच आहे. फक्त आपल्या घरात याआधी शिक्का बाबांशिवाय कोणी मारला नव्हता, एवढे मी टिपून ठेवतो.

माझे धान्याच्या कोठाराचे कुलूप खालच्या फळीवर आहे. ते पाहायला वाकावे लागते. लोक वाकत नाहीत.

किल्लीची काळजी नसावी. डबीत ठेवली तर मिळायची नाही, म्हणून काम करताना आपण धरतो तशी ओठांत धरून बसतो. फेतीन्याकाकू म्हणतात, "अरे, शिंकलास तर?" मी सांगितले, आमच्या गावात लोक बारीक खिळे तोंडात धरून मर्तिकालाही जातात.

तसे इकडे लोक फारसे फिरकत नाहीत. उत्तरेच्या मंडपात पाण्याच्या टाकीत एक समुद्री प्राणी आहे, मिशावाला. जे येतात ते आधी त्याच्याकडे पळतात.

कोणी विचारले की या कारखान्यात आणखी कोण आहे, तर तुझ्यासाठी मला नेमका शब्द सापडत नाही. तुमच्या घराच्या जळीतानंतर बाबांनी तुला आपल्या घरी आणले त्या दिवसापासून ते मला सांगताहेत, याला दादा म्हण. मी निकांद्र म्हणत आलो आणि तुझी कधी तक्रार नव्हती. म्हणून इथेही निकांद्र असेच सांगतो. सांगायची वेळ आली तर.

तुला यायची फार इच्छा आहे असे ताई म्हणत होती. येऊ नकोस. इथे गर्दी फार आहे, निजायला जागा नाही, आणि पाहण्यासारखे विशेष काही नाही.

गोर्देय ग्रूझ्देव यांचा चिरंजीव,
येलिझार ग्रूझ्देव


निझ्नी नोव्गोरोद
२१ जुलै १८९६

निकांद्र यास,

बाबांना वाकून नमस्कार. ताईने पाठवलेली कोबीची पोळी पोहोचली, वाटेत जरा चेपली होती. गावच्या हंसांच्या झुंजीत आपला हंस हरला हे वाचून वाईट वाटले. तो माझ्या हातून कधी दाणे घेत नसे, तुझ्याच हातून घेई, त्यामुळे मला त्याच्याबद्दल जास्त लिहिता येणार नाही.

इथे गारा पडल्या. काचेच्या छपरांच्या कितीतरी काचा फुटल्या. बायका टेबलांखाली शिरल्या, आणि एक जाडा व्यापारी आपल्या टोपीऐवजी फेतीन्याकाकूंची लेस विणायची उशी डोक्यावर धरून उभा होता. आपले कुलूप सुखरूप आहे. किल्ली माझ्यापाशीच आहे, काळजी नसावी.

हल्ली मी कुलूप रोज उघडून दाखवत नाही. उगाच झिजायचे. शिवाय बंद कुलूपच जास्त शोभते, असे माझे मत झाले आहे.

सहज आठवले म्हणून विचारतो. अशा बारीक किल्लीला तापवल्यावर तू पाणी कशाचे देतोस, साध्या पाण्याचे की हंसाच्या चरबीचे? साध्या पाण्यात तडकते, असे मला कुठेसे वाचल्यासारखे वाटते. आणि तिसरा दात कानशीने सरळ घासतोस की किंचित तिरका? लोक विचारतात आणि मला नीट उत्तर देता येत नाही, म्हणून विचारले. दुसरे काही कारण नाही. थोडी चरबी कोणाबरोबर पाठवता आली तर पाठव. इथे दिव्याचे तेल मिळते, ते कुलपाला चांगले नव्हे.

माझ्या कोठाराच्या कुलपाला परवा एक गिऱ्हाईक आले. म्हातारा शेतकरी, बुटांना चिखल, पण वाकला.

"थंडीत अडकतं का?" त्याने विचारले.

"नाही, आजोबा."

"दारू प्यायलेल्या माणसाला उघडता येतं?"

"मुळीच नाही. म्हणून तर दोनदा फिरवायची किल्ली केलीय."

"मग नको रे बाबा," तो म्हणाला. "कोठार माझंच आहे."

फेतीन्याकाकू दिवसभर हे सांगून हसत होत्या. मला मात्र बरे वाटले. त्याने निदान त्याच्या कामापुरता विचार केला होता. तुझ्या कुलपापाशी लोक विचार करत नाहीत, नुसते तोंड वासून पाहतात.

परीक्षक मंडळी ऑगस्टमध्ये येणार आहेत. कापितोन लुकिच म्हणतात, पदक घराला देता येत नाही, माणसाच्या नावाने द्यावे लागते. हे बाबांना वाचून दाखवू नकोस. नाही, दाखव. ते म्हणतील, ग्रूझ्देव लिहा. तेच लिहिलेले आहे.

तुझ्या मागच्या पत्रात तू विचारले होतेस, सगळे ठीक आहे ना, आवाज बसल्यासारखा वाटतो. पत्राला आवाज नसतो, निकांद्र. आणि "मंडप" हा शब्द तू दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लिहिला आहेस. दुसरी तऱ्हा बरोबर.

यायची तसदी घेऊ नकोस. खरेच सांगतो.

गोर्देय ग्रूझ्देव यांचा चिरंजीव,
येलिझार


निझ्नी नोव्गोरोद
९ ऑगस्ट १८९६

निकांद्र,

हे पत्र मोठ्याने वाचू नकोस. म्हणूनच टपालाने न पाठवता बोटीवरच्या येरमोलायच्या हाती दिले आहे, आणि तुझ्याच हातात द्यायला सांगितले आहे. वखारीमागे जा आणि तिथे वाच. अक्षर बारीक आले आहे, त्याला इलाज नाही.

पहिली किल्ली हरवली असे तुला वाटले असेल. हरवली नव्हती. मी ती गिळली.

जून संपत आला होता. एक बाई आल्या, पांढरी छत्री, बरोबर नवरा. बराच वेळ भिंगातून पाहत राहिल्या. मी कुलूप उघडले, लावले, किल्ली ओठांत ठेवली. बाईंनी पाटी वाचली आणि माझ्याकडे असे पाहिले की तसे आजवर माझ्याकडे कोणी पाहिलेले नाही. बाबांनीही नाही. तसे तुझ्याकडे पाहतात.

"ग्रूझ्देव तुम्हीच?"

मी मान हलवली. ते खोटे नव्हते.

"म्हणजे हे तुम्ही केलंत? या हातांनी?"

मी "हो" म्हणालो. "हो" म्हणायला तोंड उघडले, श्वास आत घेतला, आणि किल्ली गेली.

बाई खूश होऊन निघून गेल्या. मी तिथेच उभा. डोळ्यांतून पाणी येत होते. फेतीन्याकाकू विणणे टाकून धावल्या आणि माझ्या पाठीत गुद्दे घालू लागल्या.

"काय गिळलंस?"

"काही नाही."

"काही नाही तर रडतोस कशाला? तोंड उघड. अगं बाई, किल्ली!"

"काकू, हळू बोला."

"हळू कशाला? आत जाऊन कुठं लागली म्हणजे? तुझं तोंड कायमचं बंद झालं तर मंडपाचं भलंच होईल म्हणा!"

त्यांनी मला पुढे राय धान्याची जाड भाकरी आणि घट्ट लापशी खाऊ घातली. त्यानंतरचे लिहिण्यासारखे नाही. एवढेच सांगतो की मी शोधली आणि सापडली नाही. मागच्या पत्रात "किल्ली माझ्यापाशीच आहे" असे लिहिले होते. त्याहून जास्त प्रामाणिक वाक्य मला सुचले नाही.

पण किल्ली ही सगळ्यात लहान गोष्ट होती. तो "हो" कापितोन लुकिच यांनीही ऐकला. ते मागेच उभे होते. त्यांनी त्याच दिवशी परीक्षकांच्या कागदावर लिहून टाकले, करणारा येलिझार ग्रूझ्देव. मला दाखवलेही. माझ्या नावात एक अक्षर चुकले होते. मी तेवढे दुरुस्त करून घेतले. बाकी काही बोललो नाही.

मग मी किल्ली करायला बसलो. रोज सकाळी, दारे उघडण्याआधी. मला वाटले, मीही गोर्देयचाच मुलगा आहे, हात सारखेच असतील. पहिली वाकली. दुसरी पाणी देताच तडकली. तिसरी आत गेली, पण फिरेना. तुझी किल्ली इतके दिवस माझ्या ओठांत होती, निकांद्र, तरी तिचा एक दात मला आठवेना. तिथे बसून मी काय विचार करत होतो ते सांगतो. किल्ली कशी असेल हा विचार करत नव्हतो. तू आत्ता माझ्या खिडकीपाशी, माझ्या उजेडात बसला असशील, बाबा तुझ्या खांद्यावरून वाकून पाहत असतील आणि काही न बोलता "हं" म्हणत असतील, हा विचार करत होतो. त्या "हं"साठी मी लहानपणापासून कानस घासतो आहे. मला ते म्हणतात, "तुझं अक्षर चांगलं आहे."

मग तुझी चरबीची बरणी आली. बरोबर चिठ्ठी, एका ओळीची: "चरबी तळापर्यंत वापर." मी वाचले आणि मला राग आला. वाटले, आता हा मला चरबी कशी वापरायची तेही शिकवणार. दोन दिवस झाकण काढले नाही. तिसऱ्या दिवशी पेटीच्या बिजागरीला लावायला बोट घातले तर तळाशी मेणाची गोळी लागली. मेणात किल्ली.

पहिल्या फेऱ्याला कुलूप उघडले. कुलूप समोर नसताना, नुसत्या आठवणीवर तू ती केलीस. आणि बाबांचा नियम मोडून केलीस. तू दुसरी किल्ली केलीस हे त्यांना कळले तर ते तुला शिक्क्याला हात लावू देणार नाहीत, हे तुला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. तरी तू एका शब्दाने विचारले नाहीस की पहिलीचे काय झाले. निदान एक टोमणा तरी मारायचास! मला सोपे गेले असते. तू वाईट असतास तर मी किती सुखात तुझा द्वेष केला असता, हे मी अनेकदा मोजून पाहिले आहे.

मला आनंद झाला नाही. मी किल्ली पुन्हा चरबीत खुपसली आणि बरणीवर टोपी ठेवली.

कारण आता काहीच कमी नव्हते. कुलूप उघडत होते. कागदावर माझे नाव होते. तू बोलणार नव्हतास. बोललास तर दुसऱ्या किल्लीचे सांगावे लागणार. पदक घेऊन मी घरी आलो असतो, मेजावर ठेवले असते, आणि बाबा काय करतात ते पाहिले असते. ते एकदाच "हं" म्हणाले असते तरी पुरे होते. शिक्का मग कोणाच्या हातात जाईल, तेही मी मनात ठरवून टाकले होते.

पण फेतीन्याकाकूंनी मला कुलूप उघडताना पाहिले होते.

"काय रे ग्रूझ्देवा, निघाली वाटतं शेवटी?"

"ही दुसरी आहे."

"कुणी धाडली?"

"ज्यानं पहिली केली त्यानं."

काकूंनी दोऱ्याच्या कांड्या बाजूला ठेवल्या. "मग यात तू काय केलंस?"

मी विचार केला. खरेच विचार केला, कारण मला उत्तर हवे होते.

"गिळली," मी म्हणालो.

त्या हसतील असे वाटले होते. हसल्या नाहीत. "बरं," एवढेच म्हणाल्या आणि विणू लागल्या. तो "बरं" मला दुपारपर्यंत टोचत राहिला. दुपारी मी कापितोन लुकिच यांच्या टेबलापाशी गेलो.

"नाव चुकलंय, कापितोन लुकिच."

"परत? आता कुठलं अक्षर?"

"सगळंच. करणारा मी नव्हे. करणारा निकांद्र साव्वीन."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "हा कोण? तुझा नोकर?"

"नाही."

"शिकाऊ?"

"नाही. शिकाऊ मीच म्हणायचा."

"मग कोण लागतो तुझा?"

आता इथे तो शब्द हवा होता. मागे माणसे उभी होती, फेतीन्याकाकूंचे हात थांबले होते, आणि मी घाम पुसत होतो.

"भाऊ," मी म्हणालो. "मोठा."

"आणि आडनाव वेगळं?"

"वडिलांनी आणलाय. जळीतातून."

त्यांनी टाक शाईत बुडवला. रागावतील असे वाटले. त्यांनी माझे नाव खोडले, तुझे लिहिले, आणि म्हणाले, "परीक्षक शुक्रवारी येतील. करणाऱ्यानं त्यांच्यासमोर बसून एक किल्ली घासून दाखवायची. तो आला नाही तर नोंद रद्द. आण तुझ्या भावाला."

म्हणून ये. गुरुवारच्या बोटीने निघालास तरी चालेल. तुझी बारीक कानस आण. इथली जाड आहे. बाबांना दुसऱ्या किल्लीचे काही सांगू नकोस. कुलूप अडकले आहे आणि येलिझारला उघडता येत नाही, असे सांग. त्यांना नवल वाटणार नाही. परीक्षकांपुढे जी घासशील ती त्यांच्या समोरच मोडून टाकू. मग कुलपाला किल्ली एकच राहील आणि बाबांचा शब्दही राहील. जी माझ्यात गेली ती धरायची नाही. पदकावर तुझे नाव आले तर बाबा चिडतील, कदाचित पाटीवरही ते नाव लिहावे लागेल. ते मी त्यांना स्वतः सांगेन. तुझ्याकडून ऐकले तर ते लगेच ऐकतील, आणि ते मला नको आहे.

मी सुधारलो असे समजू नकोस. शुक्रवारी ती मंडळी तुझ्या हातांवर वाकतील तेव्हा मी खालच्या फळीपाशी उभा असेन आणि माझा जीव जळत असेल, हे आत्ताच सांगून ठेवतो. तिथे एखादा चिखलाच्या बुटांचा म्हातारा वाकलाच, तर त्याला मी माझे कुलूप दाखवीन. तुझ्याकडे पाठ करूनच दाखवीन.

तरी धक्क्यावर मी असेन. तुझी पेटी मी उचलीन. किल्ली खिशात आहे, रुमालात बांधून. ओठांत आता काही धरत नाही. बाबा मला इतकी वर्षे जे म्हणायला लावत होते आणि मी दात आवळून गप्प बसत होतो, ते परक्या माणसासमोर तोंडातून निघून गेले आहे. परत घेता येईल असे वाटत नाही. म्हणून तुलाही लिहून टाकतो.

ये, दादा.

तुझ्यावर जळणारा,
तुझा धाकटा भाऊ
येलिझार